विश्लेषण : दुर्मीळ मेंदूविकार एकाच समाजात वारंवार का आढळतो?

जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षभरात तो ४५-४६ पर्यंत जातो. काही बाळांचे डोके मात्र याहून झपाट्याने वाढते. टोपडे दोन महिन्यांत लहान होते, आणि ‘डोके मोठे म्हणजे मूल हुशार निघणार’ असे म्हणून घरचे ते कौतुकावर नेतात. बाळ हसते, ओळखते, बोबडे बोलू लागते. चालायला थोडा उशीर होतो इतकेच. पुढे चालताना तोल जाऊ लागतो, एखादी साधी पडझड होऊन फिट येते, एमआरआय काढला जातो आणि मेंदूचे चित्र पाहून डॉक्टरही चक्रावतात. मेंदूतील सगळा पांढरा भाग सुजलेला असतो, त्यात पाण्याच्या पिशव्या असतात, आणि ते मूल समोर खुर्चीत बसून प्रश्नांची उत्तरे देत असते. लहान मुलांच्या या आनुवंशिक आजाराच्या इतिहासात मुंबईचे नाव अगदी सुरुवातीला येते. भारतात दुर्मीळ आजार नेमके कुठे आणि का साचतात, हे समजून घ्यायला त्याच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हा आजार नेमका काय?

‘मेगॅलेन्सिफॅलिक ल्युकोएन्सिफॅलोपथी विथ सबकॉर्टिकल सिस्ट्स’ असे लांबलचक नाव असलेल्या या आजाराला डॉक्टर ‘एमएलसी’ म्हणतात. आपल्या मेंदूतील चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. विजेच्या तारेवरील प्लास्टिकसारखे त्याचे काम. हे वेष्टन असलेल्या तंतूंचा भाग पांढरट दिसतो, म्हणून त्याला श्वेतद्रव्य म्हणतात. एमएलसीमध्ये या श्वेतद्रव्यात पाणी साठत जाते, मायलिनच्या थरांमध्ये पोकळ्या तयार होतात आणि विशेषतः कानशिलाजवळच्या भागात पाण्याच्या गाठी दिसतात.

दोष मूळ मायलिनमध्ये नसतो. मेंदूत ‘अ‍ॅस्ट्रोसाइट’ नावाच्या ताराकृती पेशी असतात. मेंदूतील पाणी आणि क्षार यांचा हिशेब त्या सांभाळतात. त्यासाठी लागणारे एक प्रथिन एमएलसी-१ या जनुकाच्या आज्ञेवरून बनते. ते बनले नाही की हिशेब चुकतो आणि पाणी तुंबते.

मुलाच्या बाबतीत याचा अर्थ काय? पहिली काही वर्षे बरी जातात. नंतर पाय ताठरतात, चाल अडखळते, आकडी येते. अनेकांना किशोरवयात चाकाच्या खुर्चीचा आधार लागतो. बुद्धीवर परिणाम होतो, पण तो उशिरा आणि तुलनेने कमी. याची दुसरी बाजू अशी की आपल्याला काय होते आहे हे मुलाला कळत असते. डोक्याला लागलेला किरकोळ मारही या मुलांना महागात पडू शकतो. शुद्ध हरपणे, आकडी, चालण्यात अचानक घसरण असे प्रकार त्यातून होतात. त्यामुळे निदान झालेल्या घरात खेळायला सोडायचे की नाही, सायकल द्यायची की नाही हा रोजचा प्रश्न होऊन बसतो.

मोठे डोके म्हणजे हाच आजार, असे मात्र अजिबात नाही. बहुतेक वेळा आईचे किंवा वडिलांचे डोकेच मोठे असते आणि बाळ त्यांच्यावर गेलेले असते. मेंदूत पाणी साठण्याची इतरही कारणे असतात. डोक्याच्या घेराचा आलेख वयाच्या रेषा ओलांडत वर चालला असेल आणि सोबत वाढीचे टप्पे मागे पडत असतील, तर बालरोगतज्ज्ञाकडे जाण्याचे कारण ठरते. हा घेर मोजायला एक टेप पुरते.

मुंबईत तो कसा ओळखला गेला?

मुंबईतील ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे मोठे डोके आणि श्वेतद्रव्याचा विकार असलेली मुले येत होती. आजाराचे चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकातील वर्णनाशी जुळत नव्हते. आडनावे आणि कुळे मात्र एकमेकांशी जुळत होती. बहुतेक मुले अग्रवाल समाजातील होती. या निरीक्षणांची पहिली मांडणी त्यांनी १९९१ मध्ये केली. पुढे १९९५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या डॉ. मार्यो वान डेर नाप यांनी अशाच आठ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि १९९६ मध्ये सिंघल यांच्या गटाचा अग्रवाल समाजातील रुग्णांवरील शोधनिबंध आला. जगभरच्या पुस्तकांत आज हा आजार वान डेर नाप यांच्या नावानेही ओळखला जातो. मुंबईचे श्रेय तळटिपेत राहिले, ही खंत इथल्या डॉक्टरांना असेल तर ती अनाठायी म्हणता येणार नाही.

एमएलसी-१ जनुक २००१ मध्ये सापडले. त्यानंतर अग्रवाल रुग्णांची तपासणी झाली तेव्हा सगळ्यांत एकच बिघाड दिसला. जनुकात एका ठिकाणी एक अक्षर जास्त पडले होते. एका अक्षराने एवढे काय बिघडते? पेशी जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचते. ‘कमल बदक पकड’ हे तीन अक्षरी शब्दांचे वाक्य घ्या आणि पहिल्या ‘क’नंतर एक ‘र’ घुसवा. गट तीनचेच ठेवले तर वाचन होते ‘करम लबद कपक ड’. त्या अक्षराच्या पुढचे सगळेच निरर्थक. प्रथिन अर्धवट राहते आणि पेशी ते टाकून देते.

जगात इतरत्रही एमएलसी आढळतो. लिबियातून आलेल्या ज्यू कुटुंबांत तो आहे, तुर्कस्तानात आहे. पण तिथले बिघाड वेगळ्या जागी आहेत. अग्रवाल समाजातील बिघाड सर्व रुग्णांत तंतोतंत सारखा असणे याचा अर्थ एकच निघतो. तो कधीतरी एका पूर्वजात निर्माण झाला आणि तिथून वाटला गेला.

गोत्र वेगळे असताना असे कसे?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंब डॉक्टरांना विचारते. अग्रवाल समाज आपले मूळ हरियाणातील अग्रोहा आणि महाराजा अग्रसेन यांच्याशी जोडतो. परंपरेने साडेसतरा किंवा अठरा गोत्रे मानली जातात आणि सगोत्र विवाह कटाक्षाने टाळला जातो. ‘आमच्यात नात्यात लग्न होतच नाही, मग हा आजार आमच्याकडे कसा?’ हे विचारणे स्वाभाविकच आहे.

उत्तर गोत्राच्या रचनेतच आहे. गोत्र वडिलांकडून येते. जनुके दोघांकडून येतात. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. गोत्र त्यांतील फक्त एका जागेचा पत्ता सांगते. उरलेल्या १,०२३ जागांवर कोण होते, हे गोत्रावरून कळत नाही. शिवाय मुली लग्न करून दुसऱ्या गोत्रात जातात आणि जनुक सोबत नेतात. काही पिढ्यांत एका गोत्रातील बिघाड सगळ्या गोत्रांत पोहोचतो. गोत्र टाळले तरी लग्न समाजातच होते, म्हणून तो समाजाबाहेर फारसा जात नाही. सगोत्र टाळण्याचा नियम जवळच्या पितृकुळातील लग्ने थांबवतो, पण शेकडो वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

हा आजार ‘अप्रभावी’ प्रकारचा आहे. म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल तर माणूस पूर्ण निरोगी असतो. त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि बिघाड अजिबात नसण्याची २५ टक्के असते. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द महत्त्वाचे. ‘चारातले एक आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो. तो चुकीचा आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते. आजारी मुलाचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते, हेही लग्नाच्या वयात येणाऱ्या त्या भावंडाला कोणी सांगितलेले नसते.

हे एकाच समाजापुरते आहे का?

अजिबात नाही. अग्रवाल समाजाचे उदाहरण पुढे आले ते तिथे कोणीतरी बारकाईने पाहिले म्हणून. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातील (सीसीएमबी) डॉ. के. थंगराज आणि हार्वर्डमधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियातील २६३ वेगवेगळ्या समाजगटांपैकी ८१ गटांमध्ये ‘संस्थापक परिणाम’, म्हणजे थोड्या पूर्वजांपासून वाढून आतल्या आत लग्ने होत राहिल्याचा ठसा, अश्केनाझी ज्यू आणि फिनलंडचे लोक यांच्यापेक्षाही ठळक असल्याचे त्यांना दिसले. दुर्मीळ आजारांच्या अभ्यासात हे दोन समाज जगात सर्वाधिक उद्धृत केले जातात. त्या ८१ पैकी १४ गटांची लोकसंख्या तर दहा लाखांहून अधिक होती. म्हणजे समाज मोठा असला म्हणून सुरक्षित असे म्हणता येत नाही. सुरुवात किती जणांपासून झाली आणि दारे किती काळ बंद राहिली, यावर ते ठरते. भारतात ही दारे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी बंद होऊ लागली असावीत, असे याच क्षेत्रातील २०१३ चे संशोधन सांगते.

आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण भूलतज्ज्ञांना पाठ असते. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध पचवणारे विकर या समाजातील काही जणांत नसते आणि काही मिनिटांत परतायला हवा तो श्वास कितीतरी वेळ परतत नाही. टे-सॅक्स हा ज्यूंचा आजार म्हणून ओळखला जाणारा विकार गुजरातमध्येही आहे. अहमदाबादच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तिथल्या रुग्णांत वारंवार येणारा एक वेगळाच बिघाड दाखवून दिला. महाराष्ट्रात तर पोटजातींची लग्ने आहेतच, शिवाय अनेक समाजांत मामेबहीण-आतेभाऊ लग्नाची चाल आहे. सख्ख्या आते-मामे भावंडांची एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यात समाजातील जुना बिघाड मिसळला की शक्यता आणखी वाढते.

ओळखून उपयोग काय, उपचार आहेत का?

एमएलसीवर आज मूळ आजार थांबवणारे औषध नाही. आकडीची औषधे, फिजिओथेरपी आणि डोक्याला मार लागू न देणे, एवढेच हातात आहे. उंदरांमध्ये जनुकोपचाराचे प्रयोग झाले आहेत, पण ते माणसापर्यंत आलेले नाहीत.

तरीही ‘आनुवंशिक मेंदूविकार म्हणजे हात टेकणे’ हा समज धोकादायक आहे. याच लक्षणाने, म्हणजे मोठ्या डोक्याने, सुरू होणारा ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया टाइप-१ हा आजार पाहा. हा चयापचयाचा विकार आहे. प्रथिनांतील लायसिन हे अमिनो आम्ल पचवणारे विकर नसल्याने विषारी पदार्थ साठतात. बाळ बरे दिसत असते आणि एखाद्या साध्या तापात किंवा जुलाबात, बहुधा पहिल्या तीन वर्षांत, मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागाला काही तासांत इजा होते. त्यानंतर ते मूल आयुष्यभर आकसलेल्या, पिळवटलेल्या हातापायांनी जगते. याला उपाय आहे. लायसिन कमी असलेला आहार, कार्निटिन आणि ताप आला की घरी वाट न पाहता रुग्णालयात ग्लुकोज. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅमिश समाजात या आजाराची मुले पिढ्यान्‌पिढ्या ‘सेरेब्रल पाल्सी’ म्हणून मोजली जात होती. डॉ. होम्स मॉर्टन यांनी खरे कारण ओळखून १९८९ मध्ये त्या समाजातच बालरुग्णालय सुरू केले आणि जन्मतः निदान झालेली मुले चालू-धावू लागली. आपल्याकडेही ‘सीपी’चा शिक्का असलेल्या फायलींमध्ये अशी किती मुले असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

निदानाची किल्ली जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी ‘फिनाइलकीटोन्युरिया’ या विकारासाठी ही चाचणी आणली. आज टिपकागदावरच्या त्याच थेंबांतून डझनावारी विकार एकाच वेळी तपासता येतात आणि अनेक देशांत प्रत्येक बाळाची अशी तपासणी होते. भारतात राज्यपातळीवर हा प्रयोग सर्वप्रथम गोव्याने २००८ मध्ये केला. देशव्यापी सक्तीचा कार्यक्रम मात्र अजून नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाडी आणि शाळेत मुलांना तपासतो. पण चयापचयाच्या विकारात तोवर उशीर झालेला असू शकतो. मोठ्या खासगी प्रसूतिगृहांत ही तपासणी पैसे भरून मिळते. कुटुंबांना ती बिलातील आणखी एक अनावश्यक ओळ वाटते, कारण ती कशासाठी हे समजावण्याइतका वेळ सहसा कोणी काढत नाही.

लग्नाआधी तपासणी करावी का?

अश्केनाझी ज्यू समाजाने याचे एक उत्तर शोधले. टे-सॅक्समध्ये सहा महिन्यांपर्यंत हसणारे बाळ हळूहळू दृष्टी आणि हालचाल गमावते आणि बहुधा चार-पाच वर्षांत दगावते. वाहक ओळखणारी रक्तचाचणी उपलब्ध झाल्यावर १९७१ पासून अमेरिकेत समाजानेच पुढाकार घेऊन तपासण्या सुरू केल्या आणि तिथल्या ज्यू समाजात या आजाराची बाळे जन्मण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. कट्टर परंपरावादी गटांत गर्भपात मान्य नव्हता आणि लग्ने ठरवून होत. तिथे स्वतःची चार मुले या आजारात गमावलेल्या रब्बी जोसेफ एक्स्टाइन यांनी १९८३ मध्ये ‘डोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण-तरुणींची चाचणी होते, पण निकाल कोणालाच सांगितला जात नाही. प्रत्येकाला फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आले की दोन्ही क्रमांक कळवायचे. दोघेही वाहक असतील तरच ‘हे जुळत नाही’ असे उत्तर येते. एकटा वाहक कोण, हे गावाला कळतच नाही.

पत्रिका पाहूनच बोलणी पुढे नेणाऱ्या आपल्या समाजाला ही पद्धत परकी वाटू नये. अडचण दुसरीकडे आहे. विदर्भात सिकलसेलच्या तपासणीचा अनुभव जुना आहे, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत कार्डांचेही वाटप होते. त्यात वाहक आणि रुग्ण यांतील फरक लोकांच्या मनात पुसला जातो. ‘तिच्यात दोष आहे’ ही कुजबुज मुलीच्या वाट्याला आधी येते, जरी दोन्ही पालक वाहक असल्याशिवाय मूल आजारी होऊ शकत नसले तरी. गुप्ततेची हमी नसेल तर तपासणी म्हणजे स्थळे मोडण्याचे नवे साधन ठरेल. आणि वाहक असणे हे लग्न न करण्याचे कारण नाही. दोन वाहकांनाही निरोगी मूल होऊ शकते. त्यांना मार्ग उपलब्ध आहेत.

ते मार्ग कोणते आणि कायदा काय म्हणतो?

गर्भारपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन, किंवा १५-१६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून, गर्भात तो बिघाड आहे का हे तपासता येते. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने आनुवंशिक चयापचय विकारांसारख्या ठरावीक कारणांसाठी, नोंदणीकृत केंद्रात, ही तपासणी करायला परवानगी दिली आहे. लिंग सांगण्यास बंदी आहे, आजार शोधण्यास नाही. (केंद्राच्या आधी, १९८८ मध्ये, असा कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते.) २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा आहे.

पण या सगळ्याला एक अट आहे. नेमका कोणता बिघाड शोधायचा हे आधी माहीत हवे. आजारी मुलाची जनुकीय चाचणी झाली नसेल तर गर्भात पाहायचे काय? अनेक जोडपी पहिले मूल गेल्यानंतर, दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर डॉक्टरांकडे येतात. हातात जुने कागद असतात, निदान ‘मेंदूचा आजार’ एवढेच असते. म्हणूनच अत्यवस्थ मुलाचे निदान लागलेले नसेल, तर त्याचे दोन-तीन मिलिलिटर रक्त योग्य नळीत घेऊन डीएनए जपून ठेवावे, असे आनुवंशिकी तज्ज्ञ सांगतात. मूल अखेरच्या घटका मोजत असताना आईवडिलांसमोर हा विषय काढणे कोणत्याही निवासी डॉक्टरसाठी अवघड असते. काही वर्षांनी तेच पालक ‘तेव्हा का नाही सांगितले’ असे विचारतात.

सरकारी मदत कोणाला मिळते?

दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये आले. त्यात तीन गट आहेत. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या एकदाच कराव्या लागणाऱ्या उपचाराने बरे होणारे आजार पहिल्या गटात, विशेष आहारासारखा तुलनेने स्वस्त पण दीर्घकाळचा उपचार लागणारे दुसऱ्या गटात, आणि गोशे, पॉम्पे, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी यांसारखे अतिमहागडे, आयुष्यभराचे उपचार असलेले तिसऱ्या गटात. २०२२ पासून कोणत्याही गटातील रुग्णाला निवडक उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे. तिसऱ्या गटातील मुलांचे ५० लाख दोन-तीन वर्षांत, कधी त्याआधीच संपतात आणि मग पालक न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. किमती अचल नसतात, हेही याच काळात दिसले. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीवरील रिसडिप्लाम या औषधाची सुमारे सहा लाखांची बाटली, दिल्ली उच्च न्यायालयातील पेटंटच्या लढाईनंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये एका भारतीय कंपनीने १५,९०० रुपयांना बाजारात आणली.

एमएलसीसारख्या आजारांसाठी ही रक्कम कागदावरच राहते, कारण विकत घेण्यासारखे औषधच नाही. त्या कुटुंबांना लागते ते फिजिओथेरपिस्टचे आठवड्याचे शुल्क, चाकाची खुर्ची, उतार असलेली शाळा आणि पुढच्या गरोदरपणाआधी आनुवंशिकी समुपदेशकाचा तासभर वेळ. असे समुपदेशक बहुधा मोठ्या शहरांतच भेटतात. नंदुरबार किंवा गडचिरोलीतून निघालेल्या जोडप्याला त्या तासाभरासाठी प्रवासात दोन दिवस घालवावे लागतात.